वॉर्डातून घरी आलेली बारकी झुरळं: आज फवारणी करू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं उघडं पडलं. तुमच्या वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन, अकरा दिवस वॉर्डात, कॉटशेजारच्या कपाटात तांबूस बारकी झुरळं, घरी आल्यावर चार दिवसांत तसलीच ओट्यावर, आणि आता टाक्यांतून पू. तुम्ही विचारलंय, हे झुरळांमुळेच झालं का, आणि संध्याकाळी फवारणीवाला बोलावलाय ते बरोबर का.

पू येतोय तर उत्तरांची वाट बघत बसू नका, आजच सर्जनना दाखवा. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानातही कधी बसलेलो नाही. झुरळांबद्दल मात्र बोलतो, कारण त्या बाबतीत माझे भरपूर पैसे गेलेत. फवारणीवाल्याला आज येऊ नको म्हणून सांगा.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजला बुडाला. पाणी उतरल्यावर गाळ काढताना आई घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मिरजेत ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पुरानंतर गटारातली मोठी लालसर झुरळं मोरीतून वर यायचीच. त्यांच्यावर फवारा मारला की सकाळी उताणी. त्यामुळे झुरळांतलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत झालेली.

आईला घरी आणल्यावर आठवड्याभरात बारकी दिसायला लागली. मला वाटलं, मोठ्यांचीच पिल्लं. इथंच फसलो. ती पिल्लं नव्हती, जातच वेगळी. मोठी बोटाच्या दोन पेरांएवढी, गटारात राहणारी. ही जेमतेम अर्ध्या इंचाची, पंख फुटलेली, डोक्यामागं दोन काळ्या उभ्या रेघा. हिला जर्मन झुरळ म्हणतात. ही गटारात नाही, घरातच राहते. ओट्याच्या फटीत, बिजागरीत, फ्रीजच्या मोटरपाशी, जिथं ऊब आणि थोडा ओलावा मिळेल तिथं. मादी अंड्यांची कुपी अंगाला चिकटवूनच फिरते, एका कुपीत तीस-चाळीस अंडी. आमच्याकडे ती बहुतेक वॉर्डातल्या पिशवीतून आली, किंवा पाहुण्यांनी तासगावहून आणलेल्या बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. ते खोकं आम्ही महिनाभर कॉटखाली ठेवलेलं. शहाणपणच म्हणायचं.

एका ओळखीच्यानं झुरळं मारायचं जेल लावून दिलं. मुगाएवढे ठिपके, ओट्याखालच्या ट्रॉलीच्या कोपऱ्यांत आणि बिजागऱ्यांत. दुसऱ्या दिवशी झुरळं भर दुपारी ओट्यावर लडबडत फिरताना दिसली. खरं तर जेल लागू पडल्याचंच ते लक्षण होतं. मी काय केलं, तर 'वाढली की!' म्हणत फवाऱ्याचा अख्खा डबा त्याच ठिपक्यांवर रिकामा केला.

जेल म्हणजे विष घातलेलं खाणं. खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, लपायच्या जागी जाऊन मरतं. तिथली बाकीची त्याची विष्ठा आणि मढं खातात, तीही मरतात. सगळी गंमत त्या उशिरात आहे. फवाऱ्याचा वास बसला की त्या ठिपक्याला कुणी तोंड लावत नाही, शिवाय उरलेली नव्या जागा शोधतात. आमची देवघरात गेली, टीव्हीच्या मागं गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईच्या हवेच्या गादीच्या पंपात. भाड्याचा पंप, दिवसरात्र कोमट. परत करताना दुकानदारानं तो टेबलावर आपटला आणि आतून जे बाहेर पडलं, ते बघून अनामत रक्कम मागायची मला हिंमत झाली नाही. तीन महिने गेले त्यात.

आता रोगाचं. झुरळ चावून रोग देत नाही, वाहून आणतं. संडास-गटारातून, ड्रेसिंगच्या कचऱ्यातून फिरतं, पायांवर आणि पोटात जंतू घेऊन येतं, खाता खाता ओकतं नि हगतं. जगभरात हॉस्पिटलांतली झुरळं पकडून तपासली, तेव्हा त्यांच्यावर क्लेब्सिएला, स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय असले जंतू सापडलेत, काही तर नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे. पण झुरळावर जंतू सापडणं आणि तुमच्या वडिलांच्या टाक्यांत त्यानंच नेऊन घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी. आतड्याच्या ऑपरेशनात स्वतःच्या पोटातले जंतूही जखमेत उतरतात, कुणाच्या न धुतलेल्या हातानंही जातात. त्यामुळे 'झुरळामुळेच झालं' म्हणून हॉस्पिटलच्या ऑफिसात भांडायला जाऊ नका, हे माझं मत. मी गेलो होतो. 'तुम्ही लोक बाहेरचं जेवण आणता म्हणून होतात,' असं ऐकवलं. तक्रार वहीत लिहून घेतली, पोच दिली नाही. अहो, जेवण आम्ही आणलं, पण कपाटाची फळी फुगून फाटलेली, ती काय आम्ही घरून आणली होती? असो. भांडायचंच तर संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारं कोण आहे ते विचारून त्यांना लेखी द्या, तारीख आणि फोटोसकट. वॉर्डातल्या सिस्टरवर राग काढू नका, त्या बिचाऱ्या स्वतःच्या डब्यातली झुरळं झटकत असतात.

ओटा कोरडा ठेवणं, खरकटं झाकणं तुम्हाला सांगायला नको. ड्रेसिंगचं सामान मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि सिरपच्या बाटलीचं तोंड रोज पुसा, त्या चिकट्यावर ती तुटून पडतात. हॉस्पिटलची पिशवी बाहेर उन्हात उलटी करून झटका. पुठ्ठ्याची खोकी आजच बाहेर. पेशंटच्या कॉटखाली झुरळं मारायच्या खडूच्या रेघा ओढू नका. घरात कुणाला दमा असेल तर मेलेली झुरळं आणि त्यांची टरफलं केरसुणीनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. त्या धुरळ्यानंही दमा उसळतो.

फवारणीवाल्याला एवढंच विचारा की नुसतं जेल लावणार का, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा येणार का. कुपीतून मागाहून निघालेल्या पिल्लांसाठी दुसरी फेरी लागतेच. 'जेल पण लावतो, वरून फवारा पण मारतो, डबल गॅरंटी' म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा. आणि टाके दाखवून आलात की इथं कळवा.