बिरॉक फुटण्याचे कारण कणकेत नाही, कोबीत आहे

आपण लिहिले आहे की, कोबी आणि खिमा भरलेले बिरॉक, म्हणजे यीस्टच्या पिठाचे भरलेले बंद पाव, ओटीजीत ठेवल्यावर खालच्या जोडापाशी उकलतात, रस ट्रेमध्ये गळून करपतो आणि वरून छान रंग येऊनही तळ गिचका राहतो. म्हणून दुसऱ्या खेपेला आपण मैदा घट्ट मळलात, तरी फरक पडला नाही. तो पडणारही नव्हता, कारण दोष सारणाच्या ओलीत आहे. मी अमेरिकेत कॅन्ससमध्ये काही वर्षे राहत होते, तेव्हा शेजारच्या आजींकडून हा पदार्थ शिकले आणि पहिल्या खेपेचे माझेही सगळे फुटले होते.

हा पदार्थ रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या जर्मनांचा आहे. रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने 1763 मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यानंतर हे लोक तिकडे वसले आणि 1870 च्या दशकापासून त्यांच्यातले बरेच जण कॅन्सस, नेब्रास्काकडे गेले. नेब्रास्कात याच पदार्थाला रुंझा म्हणतात. मसाला म्हणाल तर मीठ आणि भरपूर मिरेपूड, एवढाच. आले-लसणाचा मोह मलाही झाला होता. चव वाईट लागत नाही, पण मग तो खिमापाव होतो.

बारा नगांसाठी अर्धा किलो कोबी बारीक चिरून त्याला एक चमचा मीठ चोळावे आणि वीस मिनिटांनी मुठीत घेऊन करकचून पिळावा. वाटीभर पाणी सहज निघते, आणि नेमके हेच पाणी आपल्या ट्रेमध्ये करपत होते. पाव किलो कांदा आणि तीनशे ग्रॅम खिमा परतून, सुटलेली चरबी काढून टाकल्यावर त्यात हा कोबी घालावा आणि झाकण न ठेवता, कढईच्या तळाशी चमचा ओढला असता मागे ओल दिसणार नाही इथपर्यंत परतावे. मीठ कोबीत आधीच गेलेले असते, म्हणून चव पाहूनच वाढवावे. नंतर सारण ताटात पसरून पूर्ण गार करावे, कारण कोमट सारणानेही पारीतले लोणी वितळते आणि जोड निसटतो. खिमा नको असल्यास कुस्करलेले पनीर चालते. मशरूम घ्यायचे तर तेही असेच कोरडे होईपर्यंत परतावे लागतात.

पिठाचे प्रमाण साधे आहे: अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दीड चमचा मीठ, तीन चमचे साखर, 50 ग्रॅम लोणी आणि सुमारे 300 मिली कोमट दूध. गोळा मऊच असावा. घट्ट मळलेल्या पिठाच्या कडा एकमेकींना धरत नाहीत. तो फुगून दुप्पट झाला की साधारण 75 ग्रॅमचे उंडे करावेत.

पारी लाटताना मोदकाची आठवण ठेवावी, म्हणजे मध्य जाड आणि कडा पातळ. कडा एकत्र आल्या की तिथे पिठाचा गठ्ठा जमतो; तोच खाली जात असल्याने तळ कच्चा राहण्याचे ते दुसरे कारण असते. सारण 55 ग्रॅमच्या वर भरू नये, आणि कडेला तुपकट बोट किंवा कोरडा मैदा लागू देऊ नये. एकदा घाईत मी सारणाच्याच हाताने कडा चिमटल्या होत्या, आणि बारापैकी सात उकलले.

जोड खाली करून ठेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटेच फुगू द्यावेत. त्याहून जास्त वेळ दिल्यास चिमटलेला जोड सैल पडतो. वर टाचणीने एक भोक पाडावे, म्हणजे वाफेला वाट मिळते. दोन्ही रॉड लावून ओटीजी 190 अंशांवर नीट तापवावा, ट्रे खालच्या कप्प्यात ठेवून वीस-बावीस मिनिटे भाजावे आणि काढल्याबरोबर जाळीवर घ्यावेत, कारण गरम ट्रेमध्ये राहिले तर स्वतःच्याच वाफेने तळ पुन्हा ओला होतो.