सारखं आजारपणाचंच बोलतात, गप्प करायचं का?

"मॅडम, येईल त्याला ह्यांचं डायलिसिसचंच पुराण, लोक टाळायला लागलेत, काय करू?" मिरजेत पेशंटच्या घरची माणसं हे सारखं विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, पन्नाशीचे. किडन्या गेल्या, आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस, दर वेळी 4 तास मशीनवर, फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) हाताने जड उचलायचं नाही, पाणी मोजून. आणि जन्मभर बेदाणा केला त्या माणसाला बेदाणाच बंद, कारण त्यात पोटॅशियम भरपूर आणि ते बाहेर टाकायला किडनी नाही. घरी तर औषधाशिवाय त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

माझ्यासमोर ते बोलायला लागले की वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मधेच "होईल हो सगळं नीट" म्हणायच्या, की हे गप्प. वहिनींना म्हटलं, आज नुसतं ऐका. मग बागायतदारांनी सांगितलं, बागेची छाटणी चालू होती, पाय एवढे सुजले की चप्पल जाईना, तरी दुपारपर्यंत बांधावर उभे होते.

मी विचारलं, मग छाटणी पुरी कोणी केली? आवाजच बदलला हो! पुतण्याने केली, पण काडी कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागेवर, छाटायची ते ह्यांनी दवाखान्यातनं फोनवर सांगितलेलं, आणि हे वहिनींनाही माहीत नव्हतं.

आर्थर फ्रँक म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः हार्ट अटॅक आणि कॅन्सरमधनं गेलेले. ते म्हणतात आजारी माणसं साधारण तीन तऱ्हेच्या गोष्टी सांगतात, मी बरा होणार, सगळं कोलमडलं, आणि ह्यातनं मला काहीतरी सापडलं. घरच्यांना पहिलीच ऐकायची असते. पण किडनी बदलली नाही तर डायलिसिस सुटत नाही, मग ती गोष्ट ह्या माणसाने कुठून आणायची? तेच तेच सांगून तो आधीचा मी आणि आताचा मी जोडायला बघत असतो असं मला तरी वाटतं.

म्हणून गप्प करू नका. "मग तुम्ही काय केलंत?" एवढं विचारा. आता पुतण्या बागेतनं व्हिडिओ कॉल लावतो, हे मशीनवरनं त्याला रागावतात.

मात्र जेवण तुटलं, झोप उडाली, "आता डायलिसिसला येत नाही", "जगून काय करू" असं सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.