गोठवलेली म्हाकूळ, सत्तर तासांचा वीजखंड आणि एका वर्षाची मुदत

प्रश्न: रत्नागिरीतील एका मत्स्यप्रक्रिया व्यावसायिकांनी गोठवलेल्या म्हाकुळीचा एक रीफर (शीतयंत्र असलेला) कंटेनर, १,२०० पेट्या, सकल वजन २५ टन, न्हावा शेवा बंदरातून स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे सीआयएफ अटीवर (विमा आणि जहाजभाडे विक्रेत्याने भरण्याच्या) पाठवला. तीस टक्के रक्कम आगाऊ मिळाली होती. उरलेली माल पोचल्यावर तीस दिवसांत यायची होती. मूळ बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याचा व तो सोडवण्याचा दस्तऐवज) इथेच लाइनकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, जमा करून खरेदीदाराला माल सोडवण्याची सोय करून दिली होती. कंटेनर उघडला तेव्हा तापमान उणे १८ अंश होते, परंतु बाहेरच्या रांगांतील पेट्यांत माल वितळून पुन्हा गोठल्याच्या खुणा सहाव्या दिवशी आढळल्या. कंटेनरमधील तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरच्या नोंदीनुसार मधल्या बंदरात कंटेनर सुमारे सत्तर तास विजेविना होता. खरेदीदार पैसे देत नाही, लाइन म्हणते की माल भरतानाच पुरेसा थंड नव्हता, आणि विमा कंपनीने दावा फेटाळला आहे. माल ताब्यात घेऊन आठ महिने झाले आहेत. विमा कंपनीच्या फेरविचाराची वाट पाहावी का?

उत्तर: महोदय, वाट पाहू नये. आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट आपण शेवटी लिहिली आहे: आठ महिने उलटले आहेत. वाहकाविरुद्धचा, म्हणजे इथे लाइनविरुद्धचा, दावा, माल ताब्यात दिल्यापासून किंवा ज्या दिवशी द्यायला हवा होता त्या दिवसापासून, एका वर्षात न्यायालयात दाखल झाला नाही तर वाहक जबाबदारीतून पूर्णपणे मुक्त होतो. हा नियम १९२५ च्या समुद्रमार्गे मालवाहतूक कायद्याच्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेला कायदाही त्याच नियमांवर उभा आहे. लाइनशी चाललेल्या पत्रव्यवहाराने, सर्व्हेअरच्या भेटींनी किंवा विमा कंपनीच्या आश्वासनांनी ही मुदत थांबत नाही. दाव्याचे कारण घडल्यानंतर दोन्ही पक्षांना संमतीने ती वाढवता येते. म्हणून याच आठवड्यात लाइनकडे लेखी मुदतवाढ मागावी, ती निश्चित तारखेपर्यंतची असावी, आणि जहाजमालक वेगळा असल्यास त्याच्याकडूनही स्वतंत्रपणे घ्यावी. न्यायालय आणखी तीन महिन्यांपर्यंत दावा दाखल करू देऊ शकते, पण तो न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. त्याच्या भरवशावर राहू नये.

खरेदीदाराने तक्रार सहाव्या दिवशी केली, तीन दिवसांत केली नाही, याची आपल्याला काळजी वाटत असेल. नुकसान वरून दिसणारे नसेल तर तीन दिवसांत लेखी सूचना द्यावी असा नियम आहे हे खरे. परंतु ती न दिल्याचा परिणाम एवढाच होतो की माल सुस्थितीत मिळाला असे प्रथमदर्शनी धरले जाते. विरुद्ध पुरावा देऊन ते खोडता येते.

आता लाइनच्या बचावाकडे येतो, कारण आपली बाजू इथे बळकट आहे. प्रवासाच्या आधी आणि आरंभी जहाजाच्या शीतकक्षांसह माल ठेवण्याच्या जागा योग्य स्थितीत असाव्यात यासाठी वाहकाने रास्त दक्षता घ्यावी लागते, आणि त्यापलीकडे माल चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत त्याची योग्य व काळजीपूर्वक निगा राखणे हे त्याचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य कमी करणारी अट बिलाच्या मागे छापली असली तरी ती निरर्थक ठरते. सत्तर तास प्लग न लावणे निगा राखण्याच्या कोणत्याही अर्थात बसत नाही. रीफर कंटेनर माल गोठवण्यासाठी नसून गोठलेला माल तसाच ठेवण्यासाठी असतो, त्यामुळे स्टफिंगच्या (कंटेनर भरण्याच्या) वेळी माल उबदार असता तर लाइनचे म्हणणे निर्णायक ठरले असते. परंतु तेच खोडण्याचे साधन लाइनच्याच यंत्रात आहे. कंटेनर भरून वीज जोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतील परतीच्या हवेच्या, म्हणजे मालावरून फिरून यंत्राकडे परतणाऱ्या हवेच्या, तापमानाची नोंद मागवा. माल खरोखर उबदार असता तर ते तापमान कित्येक दिवस वर राहिले असते. ते लवकर उणे १८ जवळ स्थिरावले असेल तर माल थंडच भरला होता हे लाइनच्या स्वतःच्या नोंदीतून सिद्ध होते. त्याच्या जोडीला स्टफिंगच्या वेळी घेतलेली गाभ्याच्या तापमानाची आपल्या कारखान्यातील नोंद आणि कंटेनर ताब्यात घेण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला ठेवा. लॉगरची संपूर्ण नोंद, मूळ फाइलच्या स्वरूपात, आजच लेखी मागावी. लाइन सहसा निवडक पाने पाठवते आणि जुनी नोंद पुसली जाऊ शकते.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार गोठवलेल्या मत्स्य उत्पादनाचे तापमान वाहतुकीत सर्व भागांत उणे १८ अंश किंवा त्याखाली राहावे लागते, आणि अल्पकाळासाठी तीन अंशांपर्यंतची वाढच चालते. त्यामुळे माल ‘खाण्यायोग्य होता’ एवढे म्हणून लाइनला सुटता येणार नाही.

रकमेचा प्रश्न बिल ऑफ लेडिंगच्या पुढच्या पानावरील एका रकान्यावर अवलंबून आहे. वाहकाची जबाबदारी प्रति पेटी ६६६.६७ विशेष आहरण अधिकार किंवा सकल वजनाच्या प्रति किलो २ विशेष आहरण अधिकार, यांपैकी जी रक्कम मोठी होईल तेवढीच असते. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एकक असून त्याचे मूल्य एका अमेरिकी डॉलरहून अधिक आहे. बिलात १,२०० पेट्या नोंदलेल्या असतील तर ही मर्यादा आपल्याला अडवणार नाही. केवळ ‘एक कंटेनर’ लिहिले असेल तर संपूर्ण मालासाठी वजनाच्या हिशेबाने ५०,००० एकके ही कमाल मर्यादा होते, आणि म्हाकुळीचा भाव पाहता ती बहुधा अपुरी पडेल.

दावा कोणी करायचा, हा याहून नाजूक प्रश्न आहे. बिल जमा करून आपण माल खरेदीदाराच्या नावावर सोडलात. मालकी त्याच्याकडे गेली असेल तर वाहकाविरुद्धचे हक्कही बहुतांशी त्याच्याकडे गेले. त्याच्याकडून हक्काचे हस्तांतरपत्र लिहून घेऊन काम भागेल असे मानू नका, कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार केवळ दावा करण्याचा हक्क हस्तांतरित होत नाही. त्याला सहवादी करणे हा सुरक्षित मार्ग आहे. दावा कुठे दाखल करायचा हे बिलाच्या मागील अटींवर ठरेल. अनेक लाइनांच्या बिलांवर इंग्लंडचा कायदा आणि लंडनचे न्यायालय असे लिहिलेले असते. तसे असेल तर मुंबईत दावा दाखल केल्याने मुदत सांभाळली जाईलच असे धरता येत नाही. तसे नसेल तर २०१७ च्या नौकाधिकरण (ॲडमिरल्टी, म्हणजे सागरी दाव्यांच्या) कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात जाता येते, आणि संबंधित जहाज भारतीय पाण्यात आल्यास त्याची जप्तीही मागता येते.

खरेदीदाराविषयी: सीआयएफ अटीत मालाचा धोका न्हावा शेवाला जहाजावर माल चढताच त्याच्याकडे जातो. वाटेतील नुकसानीसाठी त्याने पैसे अडवणे म्हणूनच समर्थनीय नाही, मात्र ‘पोचल्यावर दर्जा समाधानकारक असल्यास’ असे शब्द करारात असतील तर चित्र बदलते. करार मला पाहावा लागेल. उरलेल्या रकमेवर तडजोड केलीत तर बीजकाची (इनव्हॉइसची) किंमत कमी करण्याची परवानगी आपल्या बँकेकडून आधी घ्या, अन्यथा परकीय चलन कायद्याखाली थकबाकी तशीच दिसत राहील.

विमा दाव्याबाबत मी आपल्याला खोटी आशा देणार नाही. गोठवलेल्या अन्नाच्या प्रचलित कलमांत तापमानातील बदलामुळे होणारे नुकसान शीतयंत्र बिघडून सलग किमान चोवीस तास बंद पडल्यास, किंवा आग, जहाज रुतणे अशा नमूद घटनांत, भरून मिळते. येथे यंत्र धडधाकट होते, त्याला वीज दिली नव्हती. विमा कंपनी याच फरकावर उभी आहे आणि तिचा युक्तिवाद निरर्थक नाही. आपल्या पॉलिसीला कोणत्याही कारणाने झालेल्या तापमानबदलाचे वाढीव संरक्षण जोडलेले आहे का, हे प्रथम पाहावे. शब्द संदिग्ध असतील तर त्यांचा अर्थ विमा कंपनीच्या विरुद्ध लावला जातो. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षे मिळतात, आणि विमा व्यवसायासाठी घेतला एवढ्याच कारणाने दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु वाहकाविरुद्धचा हक्क जपणे हीही पॉलिसीची अट असते. तो वर्षाच्या मुदतीत बुडाला तर विमा कंपनीला नकाराचे दुसरे, आणि अधिक भक्कम, कारण मिळेल.

बिल ऑफ लेडिंगच्या दोन्ही बाजू, विक्रीकरार आणि पॉलिसी वाढीव कलमांसह माझ्याकडे पाठवा. मुदतवाढीचे पत्र मात्र ती कागदपत्रे पोचण्याची वाट न पाहता आजच लाइनला द्या.