काळी फिल्म म्हणजे गार गाडी?

प्रश्न: गाडीच्या काचांना फिल्म बसवायची आहे. जितकी गडद, तितकी गाडी थंड राहते का?

उत्तर: नाही. गडदपणा मुख्यतः दिसणारा उजेड अडवतो. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा मात्र अवरक्त किरणांत असते, आणि ती डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून अवरक्त किरण अडवणारी, सिरॅमिकच्या सूक्ष्म कणांची फिकट फिल्म (सिरॅमिक फिल्म) साध्या काळ्या फिल्मपेक्षा गाडी जास्त गार ठेवू शकते. नुसता रंग दिलेली फिल्म स्वस्त असते, पण काही वर्षांत जांभळी पडते. धातूचा थर असलेली उष्णता चांगली परतवते, पण मोबाइल आणि जीपीएसच्या सिग्नलला अडथळा आणू शकते. दुकानात ‘एकूण सौरऊर्जा किती अडते’ हा आकडा विचारा. फक्त अवरक्त किरणांचा आकडा ऐकून भुलू नका.

आणखी एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. मूळ काच ७५ टक्के उजेड आत सोडत असेल आणि तिच्यावर ५० टक्के उजेड सोडणारी फिल्म लावली, तर उरतो सुमारे ३७ टक्के. नियमाची मर्यादा बहुधा या शेवटच्या आकड्यालाच लागू होते, त्यामुळे आपल्याकडचा नियम आधी पाहा.

प्रश्न: फिल्म बसवल्यावर काच धुरकट दिसते. काम बिघडले का?

उत्तर: बहुधा नाही. फिल्म बसवताना आत अडकलेले पाणी सुकायला काही आठवडेही लागतात. पहिले तीन ते पाच दिवस काच खाली करू नका, नाहीतर कड सुटेल. बुडबुड्यात कण टोचत असेल तर ती धूळ. ती सुकून जात नाही, फिल्म बदलूनच घ्यावी. अमोनियाचा क्लीनर रंगाच्या फिल्मला कायमचा टाळा.