पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड्सचे नाव देऊन गट करता येतात का?

तुमची अडचण अशी दिसते: वेरूळच्या सहलीआधी मुलांना दाखवायला ऐंशीच्या आसपास स्लाइड्स झाल्यात, डावीकडची पट्टी वर-खाली करून जीव मेटाकुटीला येतो, तर फोल्डरसारखी काही सोय आहे का. आहे. तिला सेक्शन म्हणतात आणि ती पॉवरपॉइंट २०१० पासून आहे. शाळेच्या लॅबमध्ये अजून २००७ असेल, तर तिथं फाइल उघडल्यावर स्लाइड्स दिसतील, गट दिसणार नाहीत. हे आधीच बघून ठेवा, नाहीतर ऐनवेळी फजिती होते.

मी कन्नड तालुक्यात इतिहास शिकवतो. वेरूळ आमच्या अंगणातलंच, त्यामुळं दर हिवाळ्यात ही फाइल उघडतोच. उदाहरणही तेच घेतो.

डावीकडच्या पट्टीत दोन स्लाइड्सच्या मधल्या जागेत राइट क्लिक करा, ॲड सेक्शन म्हणा, नाव टाका. नव्या आवृत्तीत नावाची खिडकी लगेच येते. जुन्यात ‘अनटायटल्ड सेक्शन’ असं पडतं, मग त्यावर राइट क्लिक करून रिनेम करायचं. पहिला सेक्शन मधूनच सुरू केला तर त्याच्या वरच्या स्लाइड्सना पॉवरपॉइंट आपणहून ‘डीफॉल्ट सेक्शन’ नाव देतं. घाबरू नका, तेही बदलता येतं. नावाशेजारच्या छोट्या बाणाने गट मिटतो आणि किती स्लाइड्स आत आहेत तो आकडा दिसतो. राइट क्लिकमधल्या कोलॅप्स ऑलने सगळे मिटवलेत की ऐंशी स्लाइड्सच्या सहा-सात ओळी होतात. खरी मजा इथंच.

वेरूळला गट पाडणं सोपं, लेण्यांच्या क्रमांकांनीच ते आयते दिलेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. मी तेच तीन सेक्शन केले आणि १६ नंबरचं कैलास वेगळं काढलं, कारण वरून खाली खोदत आणलेलं ते देऊळ समजावताना माझ्या चौदा स्लाइड्स जातात. पण क्रमांक जागेप्रमाणे आहेत, दक्षिणेकडून उत्तरेकडे, काळाप्रमाणे नाहीत. २१ नंबरचं रामेश्वर आणि २९ नंबरचं धुमार लेणं ही सुरुवातीच्या काळातली मानली जातात. एका वर्षी म्हणलं, काळाप्रमाणे लावून बघू. त्या दोन लेण्यांच्या स्लाइड्स ओढून एकत्र आणल्या, ‘जुनी हिंदू’ असा सेक्शन केला आणि त्याचं नाव धरून बौद्धच्या वर नेऊन सोडलं. आतल्या नऊ स्लाइड्स आपोआप त्याच्यासोबत गेल्या. हेच काम एकेक स्लाइड ओढून केलं असतं तर संध्याकाळ गेली असती.

आता नावांबद्दल, कारण माझी चूक तिथं झाली. सेक्शनचं नाव समोरच्यांना पडद्यावर दिसत नाही, ते फक्त तुमच्यासाठी असतं. मी मात्र पुस्तकातल्या प्रकरणांसारखी नावं दिली होती. एकदा शिक्षकांच्या शिबिरात मला चाळीस मिनिटं दिली होती. आधी सत्कार लांबले, मग लाइट गेली, आणि लाइट आल्यावर संयोजक म्हणाले, “सर, पंधरा मिनिटांत आवरतं घ्या.” बौद्ध, हिंदू, कैलास, जैन ही नावं समोर होती, पण यातलं गाळायचं काय हे त्यातलं एकही नाव सांगेना. साठ लोकांसमोर पट्टी सरकवत बसलो. त्यानंतर नावं अशी ठेवतो: ‘बौद्ध – दाखवायचंच’, ‘बौद्ध – वेळ असेल तर’, ‘कैलास – दाखवायचंच’. सेक्शनच्या पोटात दुसरा सेक्शन करता येत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच नावात कोंबाव्या लागतात. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं.

वेळ कमी पडली की ‘वेळ असेल तर’ या नावावर एक क्लिक करायचं, आतल्या सगळ्या स्लाइड्स निवडल्या जातात. मग त्यातल्या एकीवर राइट क्लिक करून हाइड स्लाइड. पुसलं काहीच जात नाही, शोमध्ये तेवढ्या गाळल्या जातात.

एका जागी मात्र हात जपून. सेक्शनवर राइट क्लिक केल्यावर रिमूव्ह सेक्शन आणि त्याच्याखाली रिमूव्ह सेक्शन अँड स्लाइड्स असे दोन पर्याय येतात. पहिला फक्त गट मोडतो, स्लाइड्स वरच्या गटात जातात. दुसरा आतल्या स्लाइड्ससकट उडवतो. मी घाईत दुसरा दाबला आणि सेव्ह करून फाइल बंदही केली. इंद्रसभा या जैन लेण्याचे सगळे फोटो गेले. पेनड्राइव्हवर आठवड्यापूर्वीची कॉपी होती म्हणून वाचलो.

छपाईलाही सेक्शन कामाला येतात. प्रिंटमध्ये ‘प्रिंट ऑल स्लाइड्स’ लिहिलेली यादी उघडली की खाली तुमच्या सेक्शनची नावं असतात, हवा तो निवडा. मुलांना वाटायला मी एकट्या कैलासच्याच स्लाइड्स छापतो, एका पानावर सहा. तुमच्याकडे पॉवरपॉइंट २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर इन्सर्टमधलं सेक्शन झूमही करून बघा: पहिल्याच स्लाइडवर प्रत्येक गटाचं छोटं चित्र येतं, त्यावर क्लिक केलं की तो गट चालतो आणि संपला की परत तिथंच आणून सोडतो. मुलं “सर, आधी कैलास!” म्हणून ओरडतात तेव्हा हे फार बरं पडतं.

शेवटी मी एक ‘विचारलं तर’ नावाचा सेक्शन ठेवतो, त्यातलं सगळं हाइड केलेलं. शो चालू असताना स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की लपवलेली स्लाइडही उघडते. ते नंबर पाठ होत नाहीत, म्हणून चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवलेत: ७१ पायवाटेचा नकाशा, ७४ तीन ताल (१२ नंबरचं तीन मजली लेणं), ७८ घृष्णेश्वर.