घरातल्या वजन उचलायच्या बारवर (बारबेलवर) तांबूस डाग पडायला लागलेत. तेल कोणतं लावू आणि किती दिवसांनी?

तेलाचं सांगतोच, पण आधी ब्रश घ्या. बारचा गंज बहुतेक वेळा हात धरायच्या खरखरीत भागातच सुरू होतो, आणि त्याला कारण आपणच असतो. त्या बारीक खाचांमध्ये घामातलं मीठ, हाताची मेलेली कातडी आणि पकड सुटू नये म्हणून हाताला लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पावडर साचते. ही पावडर ओल धरून ठेवते, म्हणजे खारट ओल तासन् तास लोखंडाला चिकटून राहते. त्यावरच तेल ओतलं की राखाडी चिखल होतो आणि तो खाचांत आणखी घट्ट बसतो. म्हणून व्यायाम संपला की कोरड्या नायलॉनच्या कडक ब्रशने मिनिटभर घासायचं आणि फडक्याने पुसायचं. माझ्या मते महिन्यातून एकदा केलेल्या तेलपाण्यापेक्षा हे रोजचं मिनिट जास्त कामाचं.

आता पडलेले डाग. त्यावर थोडं पातळ मशीन ऑइल सोडा (शिलाई मशीनचं चालतं), पाचदहा मिनिटं मुरू द्या आणि घासा. फडक्यावर तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत हेच पुन्हा करा. बार कोटिंग नसलेल्या पोलादाचा किंवा स्टेनलेसचा असेल तर पितळी तारांचा ब्रश वापरता येतो. झिंक किंवा क्रोमचा मुलामा असेल तर नायलॉनवरच थांबा, आणि लोखंडी तारांचा ब्रश कुठल्याच बारला लावू नका. झिंक कालांतराने नुसतंच निस्तेज, राखाडी होतं. तो गंज नव्हे, त्याच्या मागे लागू नका.

शेवटी तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, आणि तो कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसूनच टाकायचा. हाताला बुळबुळीत लागलं तर तेल जास्त झालं. डब्ल्यूडी-फॉर्टीचा फवारा गंज सैल करायला छान, पण त्याचा थर फार टिकत नाही, म्हणून नंतर मशीन ऑइल हवंच. स्वयंपाकाचं तेल मात्र नको, ते हवेने चिकट होतं आणि धूळ धरतं. किती दिवसांनी म्हणाल तर साधं पोलाद असेल तर महिन्यातून एकदा, दमट हवेत पंधरवड्याने. मुलामा असेल तर दोनतीन महिन्यांनी पुरे. स्टेनलेसला तर ब्रशच पुरतो.

प्लेट अडकवतो ती टोकं, म्हणजे स्लीव्ह, मोकळी फिरतात का तेही बघा. आत बुशिंग (म्हणजे धातूची साधी गुळगुळीत कडी) असेल तर बार उभा धरून मधला दांडा आणि स्लीव्ह यांच्यातल्या फटीत तेलाचे एकदोन थेंब सोडा, स्लीव्ह फिरवा, मग दुसरी बाजू. बेअरिंगवाल्या बारमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं. आवाज येत नसेल आणि अडकत नसेल तर त्याला हात लावू नका.

गंजापेक्षा मोठं नुकसान म्हणजे बार वाकणं. गंज काढता येतो, वाकलेला बार घरी सरळ होत नाही. वजन लावलेला बार रॅकवर तसाच ठेवून झोपायला जाऊ नका, आणि भरलेला बार रॅकच्या सेफ्टी पिनांवर (बार हातातून सुटला तर झेलणाऱ्या आडव्या दांड्यांवर) आपटू नका, कारण सगळा भार पिनेच्या दोन ठिकाणीच येतो. शंका आली तर रिकामा बार रॅकच्या हुकांवर ठेवून मधला दांडा सावकाश फिरवा आणि एका टोकाकडे बघत राहा. ते खालीवर डोलत असेल तर बार वाकलाय.

लोखंडी प्लेट गंजल्या तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, घासा, धुवा आणि लगेच खडखडीत कोरड्या करून रंग द्या. रबरी प्लेटना साबणाचं पाणी पुरतं. पेट्रोल, थिनर किंवा तेल लावलंत तर रबर खराब होईल.

बेंच आणि रॅकचे नटबोल्ट अधूनमधून पान्याने आवळत जा, हादऱ्यांनी ते सैल होतातच. केबलचं मशीन असेल तर केबल हुकला जिथे जोडलेली असते तिथे बोट फिरवून बघा. आवरण फाटून आतल्या तारा दिसत असतील तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. नवी केबल येईपर्यंत ते मशीन बंद ठेवा.