वाचकांचे प्रश्न : जोडणी विकावी की तिची देखभाल?

प्रश्न : आम्ही दोघे संगणक अभियंते पुण्यातील नोकरी सोडून छत्रपती संभाजीनगरला परतलो असून, व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांना उपयोगी पडेल असा एक साधनसंच आम्ही बांधला आहे. त्यांच्या सॉफ्टवेअरमधील बिले व साठ्याच्या नोंदी टॅलीत किंवा ग्राहकाच्या ईआरपीत (उद्योगाचा सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीत) आपोआप पोचाव्यात आणि त्यासाठी दर वेळी नव्याने प्रोग्रॅम लिहावा लागू नये, हा आमचा हेतू आहे. वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडून देणारी झॅपियर, म्यूलसॉफ्ट अशी मोठी नावे बाजारात असताना आमचा निभाव लागेल काय? जोडण्यांची संख्या वाढवावी काय, आणि दर कसा आकारावा?
— दोन वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : संख्या वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच विक्री-सॉफ्टवेअर आणि सहा हिशेबप्रणाली एकमेकांशी थेट जोडायच्या म्हटल्या तर तीस जोडण्या लिहाव्या लागतात. मध्ये नोंदींचा एक समान नमुना ठेवला आणि प्रत्येक प्रणाली फक्त त्या नमुन्याशी जोडली, तर अकरांत भागते. आपला व्यवसाय याच गणितावर उभा आहे, हे आपण जाणताच. मात्र पहिल्या दिवशी जोडणी चालू करून दाखवणे कोणत्याही बऱ्या प्रोग्रॅमरला जमते. सहा महिन्यांनी समोरच्या प्रणालीची आवृत्ती बदलल्यावर आणि ग्राहकाच्या मुनिमाने खात्यांची नावे बदलल्यावरही ती चालू ठेवणे हे खरे काम आहे, आणि विकण्याजोगेही तेच आहे.

टॅलीचेच पाहा. ती बहुधा दुकानातल्याच संगणकावर चालते आणि बाहेरच्या प्रोग्रॅमची एक्सएमएल विनंती (ठरावीक खुणांमध्ये मांडलेली माहिती) सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, स्वीकारते. वीज गेली किंवा संध्याकाळी संगणक बंद केला, की आपल्या सर्व्हरला पलीकडे कोणीच सापडत नाही. त्यामुळे नोंदी रांगेत धरून ठेवणारा आणि संगणक सुरू झाल्यावर त्या क्रमाने आत सोडणारा छोटा प्रोग्रॅम तेथे बसवावाच लागतो. पुढची अडचण वरकरणी हास्यास्पद वाटेल : खात्याच्या नावात ‘अँड सन्स’मधला ‘अँड’ चिन्हाने (&) लिहिलेला असेल आणि ते चिन्ह एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे बदलून पाठवले नसेल, तर सगळी विनंतीच मोडते. मोंढ्यात अशा नावांना तोटा नाही. परदेशी साधनांच्या चाचण्यांत या गोष्टी सहसा येत नाहीत, आणि आपला निभाव लागेल तो नेमका येथेच. सेल्सफोर्सने २०१८ मध्ये सुमारे साडेसहा अब्ज डॉलरना विकत घेतलेल्या म्यूलसॉफ्टचा ग्राहक मोठा उद्योगसमूह असतो. वाळूज किंवा चिकलठाण्यातील सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाला सॉफ्टवेअर पुरवणारी चार-पाच जणांची कंपनी हा आपला ग्राहक आहे.

समान नमुना आखताना एक पथ्य पाळावे. हमाली, तोलाई, आडत अशी कलमे हिशेबपट्टीत असतात आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय नमुन्यात त्यांना तयार जागा नसते. ती ‘इतर खर्च’ या एकाच रकान्यात कोंबली तर जोडणी चालेल, पण मुनीम ती वापरणार नाही.

दुसरा मुद्दा दुबार नोंदीचा. विनंती पोचली, बिल नोंदले गेले, मात्र उत्तर परतताना नेट तुटले, तर आपला प्रोग्रॅम तेच बिल पुन्हा पाठवतो आणि ग्राहकाची विक्री दुप्पट दिसू लागते. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, व्यवस्था या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे : विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरांचा ओळखक्रमांक तयार होतो, त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा आले तर ते नाकारले जाते. आपल्या साधनसंचातही प्रत्येक नोंदीला अशी न बदलणारी ओळख हवी. चूक वेळेवर दिसणेही तितकेच आवश्यक आहे. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी रुपये व त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावे लागते. रांगेत गुपचूप अडकलेले बिल महिन्याने सापडले, तर दोष आपल्याच माथी येईल. कोणते बिल कोठे आणि का अडले, हे प्रोग्रॅमरखेरीज इतरांनाही कळेल अशा मराठीत दाखवणारा पडदा मी दहा नव्या जोडण्यांपेक्षा मोलाचा मानतो.

दर विनंतीच्या संख्येवर न ठेवता जोडलेल्या प्रत्येक आस्थापनेमागे मासिक ठेवावा. अन्यथा चूक आपली आणि पुन्हा पाठवलेल्या विनंतीचे पैसे मात्र ग्राहकाचे, असा प्रकार होतो. ग्राहकांचे पासवर्ड स्वतःकडे साठवू नयेत. समोरची प्रणाली ओऑथ पद्धत (पासवर्ड न सांगता परवानगी देण्याची सोय) देत असेल तर तीच वापरावी आणि परवानगी लागेल तेवढीच मागावी.

प्रश्न : लातूरला आमची डाळमिल आहे. वजनकाट्याचे सॉफ्टवेअर विकणारे गृहस्थ ‘एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमशी माहितीची देवाणघेवाण करण्याची सोय) आहे, टॅलीला जोडून देऊ’ असे सांगतात. घेण्यापूर्वी काय विचारावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : विचारण्यापेक्षा करून पाहावे. त्यांचा तयार नमुना न पाहता आपल्याच कालच्या आवकेतील एक पट्टी, हमाली-तोलाईच्या कपातीसह, आपल्या टॅलीच्या प्रतीत उतरवून दाखवण्यास सांगावे. ती उतरल्यावर मूळ पट्टी रद्द करावी आणि रद्द झाल्याची नोंदही पलीकडे पोचते काय ते पाहावे, कारण बऱ्याच जोडण्या नेमक्या येथेच अडतात. त्यानंतर नेट काढून दोन पट्ट्या कराव्यात व नेट जोडून त्या एकेकदाच उतरतात काय ते तपासावे. टॅलीची आवृत्ती बदलल्यावर जोडणी कोण, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चाने दुरुस्त करील, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे.